हिरव्या दोऱ्याची पत्ती

इदालमिसने पत्ती पाण्यातून काढली, ओठांत धरली आणि फुंकली. आवाज आला नाही, नुसती हवा गेली. तिने ती पुन्हा कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत बुडवली आणि डबी गुडघ्यांमध्ये घट्ट धरून बाकावर बसून राहिली. बोरूच्या दोन पातळ पाकळ्या आणि त्यांना तळाशी आवळून बांधणारा हिरवा दोरा, एवढीच ती वस्तू. पण सनईसारख्या ओबोच्या तोंडाशी ती नसेल तर बाकीचे वाद्य म्हणजे भोके पाडलेले लाकूड.

"अजून तीच चावतेयस का गं?" व्हरांड्याच्या टोकाला यादी घेऊन बसलेली संगीतशाळेची कारकून एनेलिया पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाली. "एक दिवस गिळशील आणि मग पोटातून वाजवत फिरशील गावभर."

"कडक आहे, एनेलिया."

"सगळंच कडक आहे, माझ्या सोन्या. सकाळचा पाव बघितलास ना? तुझ्या आईनंच दिला मला. खिडकीवर मारला तर काच फुटेल."

इदालमिस हसली नाही. नऊ वाजता वीज गेली होती आणि व्हरांड्यातले पंखे तेव्हापासून थांबलेले होते. परीक्षेच्या खोलीचे दार मात्र आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावून घेतले होते. आत मायलेन होती. मायलेननंतर इदालमिसची पाळी. ओबोच्या त्या दोघीच होत्या. नववी संपली होती आणि सांता क्लाराच्या माध्यमिक संगीतशाळेने यंदा ओबोसाठी एकच जागा दिली होती. जी जाईल ती तिथल्या वसतिगृहात राहून आणखी चार वर्षे शिकेल. जी राहील तिने शुक्रवारपर्यंत वाद्य शाळेच्या कोठीत जमा करायचे आणि सप्टेंबरात साध्या शाळेत जायचे. वाद्य शाळेचे होते. इदालमिसच्या ओबोच्या पेटीवर पांढऱ्या रंगात चौदा हा आकडा होता. सहा वर्षे ती पेटी तिच्या पलंगाखाली झोपली होती, तरी तो आकडा कोणी पुसला नव्हता.

आठव्या वर्षी ती इथे व्हायोलिनसाठी आली होती. तपासणाऱ्यांनी तिच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या, सूर गाऊन घेतले, मग एका माणसाने तिला तोंड उघडायला लावून दात पाहिले आणि ओठांवरून अंगठा फिरवल्यासारखे हवेतच केले. "पातळ ओठ, सरळ दात," तो म्हणाला आणि कागदावर व्हायोलिन खोडून दुसरे काहीतरी लिहिले. तो माणूस म्हणजे एवेल्यो बार्सागा पेन्या. तेव्हापासून ते तिचे प्रोफे, म्हणजे मास्तर, होते.

पत्त्या तेच करत. बोरू परदेशातून येई, म्हणजे दोन-तीन वर्षांतून कधी एखादा पाहुणा वादक एखादे पुडके मागे ठेवून जाई, तेव्हाच. जिन्याखालच्या खोलीत बसून प्रोफे तो बोरू चिरत, घासत, बांधत. प्रत्येक विद्यार्थ्याचा दोरा वेगळा: इदालमिसचा हिरवा, मायलेनचा पिवळा. दहा पत्त्यांमधल्या दोन वाजत आणि एखादीच गात असे. एप्रिलमध्ये इदालमिसला तशी एक मिळाली होती. तिने ती पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटे वाजवली, मग दहा, मग अर्धा तास. लोणचे मुरावे तशी ती पत्ती सात आठवड्यांत तिच्या तोंडात मुरली होती. परवा सकाळी प्रोफेंनी ती मागून घेतली होती.

"दे, कडेला दोन खरडी मारतो. खालचा सूर थोडा मोकळा होईल."

संध्याकाळी त्यांनी ती परत दिली. तेव्हापासून ती अशी होती. इदालमिसने दोष आधी उकाड्याला दिला, नंतर पाण्याला. काल दिवसभर ती आरशासमोर उभी राहून आपल्या ओठांकडे बघत होती.

आणि आता दारापलीकडून तो सूर आला.

मंद भागाची सुरुवात एका लांब सुराने होती. तो कुठून सुरू झाला हे कळू नये, असा तो यायला हवा. मायलेनचा तो कधीच तसा येत नसे. तिचा सूर दार ढकलून आत येणाऱ्या माणसासारखा यायचा. आज तो आला तो एप्रिल-मे महिन्यात इदालमिसच्या खोलीत येत असे तसा, मधोमध किंचित जाडसर, कडांना पातळ. इदालमिसने डबी बाकावर ठेवली. मग स्वतःलाच हसल्यासारखे करून ती पुन्हा उचलली. आवाज आपला म्हणून ओळखता येतो, हा मूर्खपणा होता. ओबो सगळे सारखेच, मायलेनने मेहनत केली असेल. तिने पत्ती ओठांत धरली आणि दारापलीकडचा सूर संपेपर्यंत फुंकली नाही.

"इदालमिस कुएयार," एनेलियाने यादीवर बोट ठेवत हाक मारली. "जा, माझे राणी. आणि ओठ चावू नकोस."

मायलेन दुसऱ्या दाराने अंगणात गेली असावी. खोलीत तिघे परीक्षक लांब टेबलामागे बसले होते. मधल्या बाई, सेनाइदा, सांता क्लाराहून आल्या होत्या आणि त्यांचा चष्मा गळ्यात दोरीला लोंबत होता. टेबलाच्या कडेला प्रोफे बसले होते. त्यांना गुण द्यायचे नव्हते. शिक्षक म्हणून नुसते हजर राहायचे होते. पियानोवरच्या बाईंनी मान हलवली आणि इदालमिसने सुरुवात केली.

पहिला सूर आलाच नाही, आणि आला तेव्हा फुटून आला. दहा-बारा मात्रांनंतर सेनाइदाबाईंनी हात वर केला.

"पत्ती बदलायचीय का तुला? घाई नाही. दुसरी बघ, भिजव, आम्ही थांबतो."

इदालमिसने प्रोफेंकडे पाहिले. सहा वर्षे अशाच क्षणी ती त्यांच्याकडे पाहत आली होती. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचे, हे त्यांच्या मानेवरून तिला कळे. प्रोफेंनी समोरचे कागद नीट केले आणि मान हलवली. नाही.

"नको," इदालमिस म्हणाली.

शेवटच्या परीक्षकाने कागदावर काही टिपले.

तिने पुन्हा पहिल्यापासून वाजवले. मंद भागात ती पत्तीशी झुंजत राहिली. जिथे सूर विरत जायला हवा तिथे तो तुटला, आणि खालचा एक सूर बदकासारखा ओरडला. द्रुत भागात बोटांनी तिला सावरून नेले. संपले तेव्हा तिच्या हनुवटीवरून घाम ओबोवर ठिबकत होता. सेनाइदाबाई चष्मा काढून तिच्याकडे बघत होत्या, जसे एखाद्या ओळखीच्या माणसाचे नाव आठवत नसताना बघतात.

अंगणात बदामाच्या झाडाखाली मायलेन उभी होती. तिने धावत येऊन इदालमिसला ओबोसकट मिठी मारली. मायलेन उंच होती. इदालमिसचा चेहरा तिच्या खांद्यात दबला.

"बाई गं, तू माणूस नाहीस, देवी आहेस! मेणबत्ती लावते तुझ्यासमोर, थांब!"

"काय झालं?"

"काय झालं म्हणे! वाजली! आजीची शपथ, मी काहीच केलं नाही, मी नुसती धरून उभी होते. ती आपली आपणच वाजत होती. त्या चष्म्याच्या बाईंनी मान डोलावली, दोनदा. मी मोजलं."

"कोण वाजली?"

"तुझी पत्ती, आणखी कोण?" मायलेनने मिठी सोडली. "परवापासून तोंड शिवून बसलेय मी. मी! विचार कर, मी, आणि तोंड शिवून! प्रोफे म्हणाले, इदालमिसनं स्वतःहून दिलीय, पण परीक्षा होईपर्यंत तिच्याशी त्यावर एक अक्षर बोलायचं नाही, नाहीतर तिचं मन हलेल. तुझी वाईट वाजली की काय? नाही ना? तू तर लाटण्यावर पण वाजवशील."

तिने खिशातून लाकडी डबी काढून उघडली. आत हिरव्या दोऱ्याची पत्ती होती. एका कोपऱ्यावर, जिथे इदालमिसचा खालचा ओठ रोज टेके, तिथे बोरू थोडा काळवंडलेला होता.

"घे गं, तुझी तुला. मी स्वच्छ धुतलीय."

"हात ओले आहेत माझे," इदालमिस म्हणाली, आणि नळाकडे निघून गेली.

निकाल चार वाजता लागला. एनेलियाने कागद फळ्याला टोचला. मायलेन: एक्याण्णव. इदालमिस: एकोणनव्वद. मायलेन आधी किंचाळली, मग कागद पुन्हा वाचला, मग इदालमिसकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तिथेच अडकून पडला. तो पुढेही येईना आणि आतही जाईना.

"असं कसं झालं?" ती म्हणाली. "उलटं लिहिलंय त्यांनी."

"नाही," इदालमिस म्हणाली. "बरोबर आहे."

घरी आईने, मिर्ताने, काळ्या घेवड्याचा भात तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. रेशनच्या पावाच्या दुकानातल्या कामावरून आल्यावरही तिने अजून एप्रन काढला नव्हता.

"रडून घे आधी, मग जेव. उलट केलंस तर घशाशी येतं."

"रडू येत नाहीये."

"मग दगड आहेस. तुझ्या बापावर गेलीस." मिर्ताने तिच्या ताटातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. तिचे डोळे लाल होते. "उद्या सकाळी उठून एवेल्योकडे जा. भला माणूस आहे. तुला आठवतंय, तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हा तो किती थांबला होता तुझ्यासाठी? दुसऱ्या कुणी केलं असतं? तो काहीतरी मार्ग काढेल. त्याला सांग, माझ्या पोरीचं तुम्हीच बघा."

इदालमिसने भात शेवटच्या दाण्यापर्यंत संपवला आणि ताट घासून ठेवले. आईला तिने काही सांगितले नाही. सांगायला शब्द होते. पण ते एकदा घरात आले असते तर पुन्हा बाहेर गेले नसते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती दहा वाजता पेटी घेऊन शाळेत पोचली. फेरतपासणीचा अर्ज दुपारी बारापर्यंत द्यायचा होता आणि कोठीही बारालाच बंद होई. जिन्याखालच्या खोलीचे दार उघडे होते. आत टेबलावर चाकू, घासायचा दगड आणि दोऱ्यांची रिळे होती. ती आत आली तसे प्रोफे उभे राहिले. सहा वर्षांत ते तिच्यासाठी कधी उभे राहिले नव्हते.

"बस."

ती उभीच राहिली.

"मायलेननं सांगितलं तुला," ते म्हणाले.

"तिनं माझे आभार मानले."

प्रोफे हळूच खाली बसले. त्यांनी चाकू उचलला, तो स्वच्छच होता, तरी तो पँटला पुसला.

"दोन गुण, इदालमिस. मी सगळं धरलं होतं. कोणत्याही पत्तीवर तू ब्याण्णवच्या खाली येणार नाहीस, असं धरलं होतं. मायलेन तिच्या स्वतःच्या पत्तीवर ऐंशीला अडकली असती. पंच्याऐंशीच्या वर गेली की तिला फागोटकडे वळवता येत होतं. सांता क्लाराला फागोटच्या वर्गात एकही मूल नाही यंदा. तेही पत्तीवरच वाजतं, पण केवढं लांब वाद्य, लांब बोटं लागतात त्याला, आणि तिची आहेत. सेनाइदाशी माझं बोलणंसुद्धा झालं होतं. तू ओबोला, ती फागोटला. दोघीही गेल्या असत्या. तिला आजीशिवाय कोण आहे? इथं राहिली तर दोन वर्षांत लग्न करून मोकळी होईल ती."

"ती एक्याण्णववर गेली."

"हो." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "असं तिनं जन्मात कधी वाजवलं नव्हतं." मग आपण कोणासमोर बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी नजर खाली घेतली.

"मग फागोट मला?"

त्यांनी तिच्या हातांकडे पाहिले. ती पेटी दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"विचारलं मी. तुझी बोटं पोचणार नाहीत गं."

बाहेर कोणीतरी ट्रम्पेटवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि दर वेळी एकाच जागी चुकत होते.

"मला विचारलं असतंत तर?" इदालमिस म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते कदाचित. कदाचित हो म्हणाले असते." तिने टेबलावरच्या रिळांकडे बोट दाखवले. "पण तुम्ही हिरवा दोरा का बांधलात?"

"काय?"

"मला दिलेली पत्ती नवी होती. पिवळा दोरा होता तुमच्याकडे, लाल होता. पांढरा चालला असता. तुम्ही हिरवा बांधलात. वेढेसुद्धा तेवढेच दिलेत. मी काल घरी गेल्यावर मोजले. म्हणजे माझी कुठली आणि दुसरी कुठली, हे मला कळू नये म्हणून तुम्ही बसून काम केलंत."

प्रोफेंनी चाकू खाली ठेवला.

"परीक्षेच्या तोंडावर तुझं मन हलायला नको होतं."

"मी दोन दिवस समजत होते की माझे ओठ बिघडलेत."

प्रोफे टेबलावरचा बोरूचा भुसा बोटाने एका जागी गोळा करू लागले.

"आणि आत बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत."

"त्यांनी डब्या मागवल्या असत्या. दोघींच्या. दोन हिरव्या पत्त्या दिसल्या असत्या." हे बोलताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की ट्रम्पेटमुळे तिला ते ओठांवरूनच समजून घ्यावे लागले. "मला वाटलं, तू तरीही सांभाळून घेशील. तुझ्यावर माझा सगळ्यांत जास्त विश्वास होता. आहे."

इदालमिसने पेटी जमिनीवर ठेवली. तिची बोटे आखडली होती. ती एकेक करून उघडावी लागली.

"अजून वेळ गेलेली नाही," प्रोफे घाईने म्हणाले. त्यांनी खणातून एक कागद काढला, सुवाच्य अक्षरात लिहिलेला, आणि तिच्याकडे वळवला. "सेनाइदा दुपारच्या गाडीनं परत जातेय. अर्ज बाराच्या आत गेला तर ती तुला पुन्हा ऐकेल. जागा वाढवून मागता येईल, एका जागेला नाही म्हणणार नाहीत ते. मी सगळं लिहून ठेवलंय. तू फक्त सही कर."

इदालमिसने कागद उभ्याउभ्या वाचला. परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे तिची पत्ती खराब झाली; भीतीपोटी तिने ही गोष्ट शिक्षकांपासून लपवली; परीक्षकांनी विचारले असता तिने पत्ती बदलण्यास नकार दिला; तिचे वय आणि आजवरचे गुण लक्षात घेऊन तिला आणखी एक संधी द्यावी.

तिने तो पुन्हा वरपासून वाचला.

"निष्काळजीपणामुळे," ती म्हणाली.

"तू नको म्हणालीस, याची नोंद आहे त्यांच्याकडे. त्याला काहीतरी कारण द्यायला हवं. कारण द्यायचं म्हणजे असंच काहीतरी लिहावं लागतं, त्यांना अशी पत्रं कळतात. पोरं घाबरतात, त्यात नवल काय? कुणाचंच नुकसान नाही यात."

"कुणाचंच."

"एक ओळ आहे नुसती, पोरी. दोन महिन्यांनी कुणाला आठवणार आहे?"

तिने टेबलावरचे पेन घेतले. प्रोफेंनी श्वास सोडला आणि सहीची जागा दाखवायला बोट पुढे केले. इदालमिसने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती वाकली आणि हळूहळू लिहू लागली, संगीताच्या इतिहासाच्या वहीत लिहायची तशी, अक्षरे एकमेकांना न चिकटवता. लिहायला तिला फार वेळ लागला नाही. दोन वाक्ये होती. माझी परीक्षेसाठी तयार केलेली पत्ती माझ्या शिक्षकांनी मला न सांगता दुसऱ्या विद्यार्थिनीला दिली आणि तशीच दिसणारी दुसरी पत्ती माझी म्हणून मला दिली. त्या विद्यार्थिनीला हे माहीत नव्हते. खाली तिने सही केली, तिच्या शेजारी एक आडवी रेघ ओढली आणि कागद त्यांच्याकडे वळवला.

प्रोफेंनी तो वाचला. चष्मा नव्हता म्हणून हात लांब धरून वाचला.

"असा दिलास तर मायलेनची परीक्षाही रद्द होईल."

"मग दोघींची परत होईल."

"कोणत्या पत्तीवर?"

"सेनाइदाबाईंना मागू. त्यांच्याकडे असतील. आम्हा दोघींना नवी असेल, दोघींना सारखीच कडक."

"तिला ऐंशीसुद्धा मिळणार नाहीत."

इदालमिस उत्तर द्यायला वळली आणि थांबली. मायलेनच्या आजीने काल संध्याकाळीच वसतिगृहात न्यायची चादर धुऊन वाळत घातली होती. येताना ती तिने रस्त्यावरून पाहिली होती. निळी, मधोमध ठिगळ लावलेली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"आणि मला पुढच्या वर्षी वर्ग देणार नाहीत. इथं नाही, कुठंच नाही. एकतीस वर्षं झाली, इदालमिस." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "तू मला घालवतेयस, हे कळतंय ना तुला?"

 तिने पेनाचे टोपण लावले नव्हते. ते पेन तिने कागदावर, त्या आडव्या रेघेच्या शेजारी, ठेवले.

ट्रम्पेट थांबले. व्हरांड्यातून दोन मुली हसत पळत गेल्या. प्रोफेंनी कागद पुन्हा हात लांब धरून वाचला. मग त्यांनी सही केली, लहान, रेघेच्या फार वर न जाणारी. कागद तिच्या हातात देताना त्यांनी तो घडी घालून दिला, पत्ती डबीत ठेवावी तशा हलक्या बोटांनी.

"सेनाइदाकडे फ्रेंच बोरूच्या असतात," ते म्हणाले. "जास्त भिजवू नकोस त्या. दोन मिनिटं पुरे."

एनेलियाच्या खिडकीपाशी कोणी नव्हते. घड्याळात बाराला वीस मिनिटे होती.

"आलीस?" एनेलिया म्हणाली. "मी म्हटलंच होतं, ही पोर मुकाट्यानं पेटी ठेवून जाणारी नाही. बस इथं. हा फॉर्म भर, मोठ्या अक्षरात. मागच्या वर्षी एकानं असं लिहिलं होतं की आम्ही त्याला ट्रम्पेटऐवजी टपालखात्यात पाठवणार होतो. काय झालं होतं तुझं? पत्ती फुटली ना? मी बघत होते तुला, तासभर चावत होतीस."

इदालमिसने फॉर्म भरायला घेतला. विद्यार्थ्याचे नाव. इयत्ता. वाद्य. वाद्य शिकवणारे शिक्षक. ही ओळ ती दर वर्षी भरत आली होती. हात थांबला नाही. दरम्यान एनेलियाने जोडायचा कागद उघडला, सुवाच्य अक्षरातली बाजू अर्धी वाचून मान हलवली, मग सही शोधायला तो उलटा केला. तिच्या हातातला पुठ्ठा वारा घालायचा थांबला.

"ही एवेल्योची सही आहे."

"हो."

"त्यानं वाचून केलीय?"

"हो."

एनेलियाने कागद खिडकीतून आत ओढून घेतला, जणू मागून कोणी वाचत असावे. तिने व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. मग आवाज खाली आणला.

"हे बघ, पोरी. मला तहान लागलीय. मी पाणी प्यायला आत जाते. दहा मिनिटं लागतील मला, नळाला धार नाहीये. हा कागद इथं टेबलावर असेल आणि खिडकी उघडी असेल. मी परत येईन तेव्हा तो असेल तर असेल, नसेल तर मी कधी पाहिलाच नाही. कळलं?"

"नको, एनेलिया. इथंच बसा."

"माझं म्हणणं एवढंच की..."

"माझी एक ओळ राहिलीय."

एनेलिया पुन्हा खुर्चीत टेकली. इदालमिसने फॉर्म सरळ केला. शेवटच्या ओळीवर छापलेले होते: तक्रार कोणाविरुद्ध. तिने पेन टेकवले आणि वर पाहिले.

"इथं पूर्ण नाव लिहायचं?"

"पूर्ण," एनेलिया म्हणाली. तिने तोंड दुसरीकडे वळवले होते.

इदालमिसने चार ओळी वर शिक्षक म्हणून लिहिले होते तेच नाव, दोन्ही आडनावांसकट, पुन्हा एकदा लिहिले.